टोपलीखाली न मावणारी

आमच्या भाऊजींइतका मोकळ्या जागेचा हावरा माणूस उभ्या वाशिम जिल्ह्यात सापडायचा नाही. शेलूबाजारला ते भौतिकशास्त्र शिकवत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा एकच प्रश्न टाकत: “केंद्रक इलेक्ट्रॉनले एवढं ओढते, मंग तो त्यात पडत काहून नाई?” कुणी ‘फिरतो म्हणून’ म्हणालं की भाऊजींचं जेवण राहिलंच. “नुसता फिरत असता त ऊर्जा सांडत सांडत कवाच आत गेला असता!” एकदा मंगरूळपीरच्या जीपमध्ये आम्ही आधीच खच्चून बसलो होतो. ड्रायव्हरने आणखी एकाला कोंबलं, तशी कोपरं उडू लागली आणि भाऊजी आनंदाने ओरडले, “पाहा! जागा जेवढी कमी, तेवढी चुळबूळ जास्त. त्या बारक्या केंद्रकात चेपाल त इलेक्ट्रॉन उधळनच. म्हणून तो भवताल पसरून राह्यते, धुक्यावानी. नेमका कुठं हाय, ते इचारायचं नाई.” पुढच्या फाट्यावर ड्रायव्हरने आम्हालाच उतरवलं.

माझी थोरली बहीण, ताई, हे त्यांचं घरचं उदाहरण. ती एका जागी कधी टेकली नाही. माजघरात बांगड्या वाजल्या म्हणून आत डोकवावं तर तिथे कुणी नसे, आणि चहा मात्र मागे अंगणात आलेला. “तुई ताई बसत नाई अन् जातबी नाई,” भाऊजी कौतुकाने म्हणत.

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. आमच्याकडे माणूस जिथे जीव सोडतं तिथे पीठ पसरून, दिवा ठेवून टोपली झाकतात. उमटलेल्या खुणेवरून जीव कोणत्या जन्माला गेला ते ओळखतात. आमच्या आत्याने टोपली ठेवली. भाऊजींनी ती उचलली. “एवढ्याशा जागेत कोंडता तिले?” म्हणाले, आणि त्यांनी डबाभर पीठ साऱ्या घरात भुरभुरलं. मला हसूही येत होतं, रडूही. आम्ही सगळे ओसरीवर निजलो.

सकाळी दार उघडलं. पुरतं पाऊल कुठेच नव्हतं. पण चुलीपाशी, देवापाशी, खिडकीखाली पीठ किंचित विस्कटलेलं होतं, आणि सगळ्यात जास्त भाऊजींच्या खुर्चीभोवती. “उंदीर असन,” आत्या म्हणाली, पण उंबरठा काही तिने ओलांडला नाही.

तेरवी आटोपली. हा माणूस एकटा खंगून जाईल, या धास्तीने मी त्यांना कारंज्याला माझ्या घरी न्यायचं ठरवलं होतं. “भाऊजी, चला आता माह्यासंग.”

“कसा येऊ बाप्पा? मी गेलो त तुई ताई कोणाभवती राहीन?”

मी एकटाच निघालो. अंगणात चपला घालताना माजघरात बांगड्या वाजल्या. आत्या तर माझ्या शेजारीच उभी होती. ताईला एकदा हाक मारावी असं फार वाटलं, पण नेमकी कुठे आहे ते विचारायचं नसतं.