गिटारला कॉम्प्युटर ऐकू आला तेव्हा

सांगलीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, त्याच वर्षी गॅदरिंगमध्ये मी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार वाजवणार होतो. वडील मुद्दाम म्हसवडहून आले होते. पण वायर जोडताच स्पीकर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंगावू लागला.

कानामागे टेस्टर खोचलेला एक वायरमन आला. त्याने आधी स्पीकरला कान लावला, मग स्टेजमागच्या भिंतीला.

"पलीकडं कॉम्प्युटर चालू हाय. तुमची गिटार त्येचं बोलणं ऐकतीया."

कॉम्प्युटर बंद करायला सर काही तयार होईनात. तेव्हा त्याने मला खांद्याला धरून हळूहळू फिरवलं. प्रेक्षकांकडे पाठ झाली, त्या कोनात गिटारला कॉम्प्युटर ऐकू येईना आणि घोंगावणं थांबलं.

"आता हलू नगा," तो म्हणाला.

अख्खं गाणं मी पाठमोरा वाजवलं. माझ्यासमोर तो एकटाच, स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होता. टाळ्या भरपूर पडल्या. बाहेर वडील म्हणाले, "कुणावर रुसला हुतास रं?"

वायरमनचे आभार मानायला गेलो. तो वायर गुंडाळत हळूच म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात चुकलासा. न्हाई सांगत कुणाला."

भरलेल्या हॉलमध्ये ते फक्त त्यालाच कळलं होतं. त्याचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.