तळहाताला लागलेलं करडईचं तेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मालकांना नाही, पोटच्या लेकीला नाही. तुम्हाला का सांगतेय? — ते राहू द्या, आधी ऐका.

परवा नात अमेरिकेहून आली. टीव्हीवर तिनं तिकडचा फुटबॉल लावला — लांबुळका चेंडू काखेत मारून पळतात, तो. जुन्या फायनली, सगळ्या कडाक्याच्या थंडीतल्या. बर्फ पडतोय, गड्यांच्या तोंडातनं वाफा निघतायत, मैदान दगडासारखं टणक.

"आजी, लोक अजून या मॅचेसच्या गोष्टी सांगतात."

"त्यात काय मोठं? आमचीबी सांगत्यात की!"

आणि खरंच सांगतात हो. आमच्या येरमाळ्यात गारठा पडला की कुणीतरी म्हणतंच, "शालनआक्कानं असल्याच थंडीत फायनल मारली व्हती." खो-खोची, मुलींची, जिल्ह्याची. ऐकलं की आजही माझी मान ताठ होते. का होऊ नये? मी पळायचेच तशी! मला धरायचं म्हणजे वाऱ्याला धरायचं, असं आमच्या बाईच म्हणायच्या.

सामना सकाळी, उन्हं यायच्या आधी. मैदानावर दव, अनवाणी पाय, बोटं ठणकायची. आईनं करडईचं तेल कोमट करून दिलेलं — ते मी हातापायांना, मानेला चांगलं चोपडलेलं. सगळ्या पोरी नाक धरून हसल्या होत्या, "शालन, भज्याला निघालीस का काय?"

शेवटचा डाव. आम्ही एका गुणानं पुढं, पळणारी मी एकटीच उरलेली. मी बाद झाले तर बरोबरी, मग जादा डाव — आणि माझ्यात तर दम उरला नव्हता. मागं समोरच्या संघातली, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची सुमन. ती माझ्यासारखीच पळायची — नाही, आता खरं बोलायचंच ठरवलंय, तर — माझ्याहून चांगली पळायची. मी खांबाला हात घालून वळले, ती माझ्यामागनं वळली, आणि पुढच्याच पावलाला —

थांबा, आधी टीव्हीचं सांगते. त्या फुटबॉलमधे एका गड्याचा गुडघा जमिनीला टेकला का नाही, म्हणून भांडण लागलं. पंचांनी खेळ थांबवला. तेच चित्र हळू करून पुन्हा पुन्हा बघितलं. टेकला होता. नात म्हणाली, "बघ आजी, इथं खोटं बोलायची सोयच नाही." मी चहा ठेवते म्हणून उठले.

आमच्याकडं कुठलं आलंय असलं चित्र? सुमन ओरडली, "सर, मारली! मानंला हात लागला!" पंच दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हणाले, "न्हाय लागला. थंडीनं अंग बधिर झालंय सर, पर हात लागला असता तर कळलं असतं."

सुमननं तळहात पुढं केला. चकचकीत. "वास घ्या सर! करडईचं तेल हाय. म्या लावलंय व्हय तेल?"

पंचांनी वास घेतला. माझ्याकडं बघितलं. आणि मी — किती पटकन सुचलं बघा — म्हणाले, "म्या खांबाला धरलं व्हतं. खांबाचं लागलं असंल तिला."

खांबाला तेल होतंच. पंचांनी खेळ पुढं चालू केला. मी उरलेला वेळ काढला. शिट्टी झाली, पोरींनी मला खांद्यावर घेतलं.

तिच्या बाई तिला सगळ्यांदेखत बोलल्या, "हरलीस तर हरलीस म्हण. खोटं कशाला बोलतीस?" सुमननं तळहात स्कर्टला पुसला. घासून घासून पुसला. मग आमच्या पोरीसुद्धा तिला 'तेलाची सुमन' म्हणायला लागल्या, आणि त्या हसण्यात मी होते. पुढं तिला मी मैदानावर कधी बघितली नाही.

त्या दिवशी मी जीव तोडून पळाले, हे खरं. त्याचा अभिमान मला आहे, तो मी सोडणार नाही. पण गावात जी गोष्ट सांगतात ना, ती शिट्टीपाशी संपते. मी ती इथं संपवते.

हात लागला होता. मानेवर, वेणीच्या खाली, पाची बोटं. अंग बधिर नव्हतं झालं. सुमनचा हात बर्फासारखा गार होता — चांगला कळला मला.