अस्वलाच्या रानात घातलेलं गाऱ्हाणं

आज सकाळी आईने चुलीत सुका बांगडा भाजायला घातला आणि त्या वासासरशी मी थेट कॅनडाच्या उत्तरेकडच्या रानात पोचलो. बऱ्याच वर्षांपूर्वी बिछाना-शेगडी असलेली भाड्याची व्हॅन घेऊन मी तिथे एकटाच हिंडत होतो. वासाचं अन्न उघड्यावर नको, अस्वलं येतात, ही पाटी वाचूनही मी घरून नेलेला बांगडा बाहेर भाजायला घेतला. व्हॅनला वास लागला असता ना!

अस्वल आलंच. मी आत उडी मारून दार ओढलं. व्हॅन गदागदा हलू लागली आणि माझ्या तोंडून गावचं गाऱ्हाणं निघालं, "बा देवा म्हाराजा, ह्या रानाच्या राखणदारा, ह्या लेकराक सांभाळ रे म्हाराजा!" त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायला गाव लागतो. तिथे कोण होतं? तेही मीच म्हटलं. बाहेर फुसफुस झाली. बांगडा तोंडात धरून ते काळं धूड झाडीत शिरलं आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत-हसत बसलो.

इतकी वर्षं लपवलेलं हे सगळं आज आईला सांगून टाकलं. तिने शांतपणे बांगडा परतला.

"अस्वल कसला? राखणदारच इलो तो. आपलो मान घेतल्यान आणि गेलो."