आईंनी जाळी घातली होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. वैजनाथापुढं हात जोडते तेव्हाही एवढं एक वगळून बाकीचं बोलते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. आज सांगतेय, कारण थकलेय. लपवायलाही रोज थोडा जोर लागतोच ना?

आम्ही परळीत राहतो. खाली नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, वर घर. गच्चीवर कपडे वाळत घातले की वीज केंद्राची राख झटकूनच घडी घालायची, आणि रेल्वेची शिट्टी घरात बसूनही ऐकू येते. सासूबाई — आम्ही त्यांना आईच म्हणतो — वडवणीकडच्या खेड्यातल्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या. माझा विराज तेव्हा चार वर्षांचा होत होता. रोज दुपारी चहा झाला की आई त्याचा हात धरून रुळांच्या कडेला नेऊन बसवायच्या. कोळशाची मालगाडी जाईपर्यंत दोघं तिथंच. घरी आल्यावर त्याच्या तोंडी तेवढंच — डबे, इंजन, कोळसा.

आई दुपारी घरात नसत, ते मला बरं वाटायचं. हेही सांगून टाकते.

वाढदिवसाला काय पाहिजे म्हणून आईंनीच त्याला विचारलं. तो म्हणाला, मालगाडीचा केक. मी हसले आणि विसरले. आई विसरल्या नाहीत. शेजारच्या मुलीकडून रव्याचा केक कुकरात कसा होतो ते विचारून घेतलं. पहिला करपला, तो त्यांनी स्वतःच चहात बुडवून संपवला. दुसरा जमला. मग सुरीनं एकसारखे डबे कापले, साखरेच्या पाकानं एकामागं एक चिकटवले, गोल बिस्किटांची चाकं लावली. आणि कोळसा? कारळं भाजून गुळाच्या पाकात घोळली, त्याचे काळे खडे करून प्रत्येक डब्यात भरले. गाडी एका बाजूला जरा कलली होती. इंजनाचं नाक बसकं झालं होतं. पण कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं — ही परळीची मालगाडी.

मी काय म्हणाले? "छान झालाय," म्हणाले. आणि नजर चुकवून भांडी आवरायला लागले.

कारण मी केक आधीच सांगून ठेवला होता. बेकरीतला, दोन मजल्यांचा, वर विराजचा फोटो असलेला. संध्याकाळी दुकानदारांच्या बायका येणार होत्या. त्यांच्या घरचे वाढदिवस मी पाहिले होते — फुगे, पडदा, फोटोवाला. त्यांच्यापुढं ही कललेली, काळ्या खड्यांची गाडी ठेवायची? आईंना आधीच सांगता आलं असतं. दोन्ही केक ठेवता आले असते, पोरानं दोन्ही कापले असते. इतकं साधं होतं ते. पण आई एवढ्या रमल्या होत्या की सांगायचा धीर झाला नाही, आणि सांगितलं नाही म्हणून आत राग साठत गेला. राग कुणाचा? त्यांचाच. माझ्या भित्रेपणाचा राग मी त्यांच्यावर काढला, दुसरं काय.

वाढदिवसाच्या दुपारी आई विराजला नवे कपडे घालून देवळात घेऊन गेल्या. जाताना केकवर जाळी घातली — पाहुणे आले की आंब्यावर घालतो ती, घुमटासारखी. मला म्हणाल्या, मांजर येईल गं, लक्ष ठेव.

त्या वळणाआड गेल्या तशी मी जाळी काढली. केकचं ताट उचलून मागच्या बोळात नेलं आणि तिथं बसलेल्या गाईपुढं सगळं रिकामं केलं. एक डबा मात्र मी खाल्ला. उभ्यानंच. चांगला झाला होता. कारळाचा खमंग वास, गूळ — खरंच चांगला झाला होता. मग ताट घासलं, जाळी धुऊन खिळ्याला अडकवली.

आई परत आल्या. ओट्याकडं बघून तशाच उभ्या राहिल्या. मी सांगितलं, मुंग्या लागल्या होत्या, केक उघडा राहिला होता, टाकून द्यावा लागला.

"म्या जाळी घातलती गं," त्या म्हणाल्या.

इथं थांबता आलं असतं. मांजराचं नाव घेता आलं असतं, हातातून पडला म्हणता आलं असतं. पण मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नव्हती घातली, आई. विसरलात तुम्ही."

त्या खिळ्यावरच्या जाळीकडं बघत राहिल्या. जाळी तिथंच होती — म्हणजे घातली नसणार. मग हळूच म्हणाल्या, "आसंल. माजंच ध्यान ऱ्हायलं नसंल."

विराजनं फोटोचा केक कापायला नकार दिला. मालगाडी कुठंय म्हणून पाहुण्यांसमोर भोकाड पसरलं. आई त्याला मांडीवर घेऊन सांगत होत्या, आजी येडी हाय तुजी, गाडी उघडीच ठिवली. बायका माझ्याकडं बघून समजुतीनं हसल्या. वय झालं की असंच होतं, एक जण म्हणाली. मी मान हलवली.

एवढ्यावर संपलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण त्या दिवसापासून आईंचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. दूध झाकलं का, हे त्या झोपता झोपता उठून बघायच्या. कडी लावली का, मला दोनदा विचारायच्या. मला ते उपयोगी पडलं — हो, उपयोगीच. स्वयंपाकात त्यांची लुडबुड थांबली. नवरा म्हणाला, आईला एकटीला गॅस पेटवू देऊ नकोस, तिचं लक्ष राहत नाही हल्ली. मी खरं काय ते सांगितलं नाही. आणि पुढं एक दिवस मीच म्हणाले, विराजला रुळांकडं नेऊ नका, विसरून कुठं सोडून आलात तर?

त्यांनी वाद घातला नाही. त्याचा हात सोडला, आणि चपला काढून आत आल्या.

पुढच्या दिवाळीनंतर त्या गावाकडं, थोरल्या दिरांकडं राहायला गेल्या. स्वतःच म्हणाल्या, हितं माजी अडचणच हाय.

विराज आता मोठा झालाय, त्याला यातलं काही आठवत नाही. मागच्या महिन्यात आम्ही गावी गेलो होतो. आईंना खरंच विसरायला होतं आता. माझं नाव आठवायलाही त्यांना वेळ लागला. पण ओसरीवर शेजारीण येऊन बसली, तसं त्यांनी माझा हात धरला आणि तिला सगळं सांगायला लागल्या — इंजन, चाकं, कारळाचा कोळसा, सगळं जसंच्या तसं. शेवटी म्हणाल्या, "माज्या हलगर्जीपणानं मुंग्यांनी गाडी खाल्ली. पर ह्या सुनेनं एका शब्दानं बोल लावला न्हाई मला. लई गुणाची हाय."

शेजारणीनं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. नवरा शेजारीच बसला होता, विराज दारात उभा होता. आईंचा हात माझ्या हातात होता.

मी चहा पीत राहिले.