न्हाणीचं पानी कुठं जातं

लगीन होऊन तीन वर्सं झाली तरी आमी दोघं मिळून कुठंच गेलो नव्हतो. मालक मिलिटरीत. रजेवर आले की ऊस, पावनं, कुनाचं लगीन, कुनाचं बारसं, ह्यातच रजा सरायची. त्या साली मातूर हे येतानाच ठरवून आले, चार दिस साताऱ्याला आन् सांगलीला जायचं, लॉजवर ऱ्हायचं, शेरात फिरायचं. सासूबाई म्हनल्या, "लॉजवर? पावन्यांची घरं काय जळाली व्हय?" तर हे म्हनले, "पावन्यांकडं गेलं की ही चुलीम्होरंच बसती आई. हिला चुलीपासनं लांब न्यायची हाय मला." ते बोलनं ऐकून मी परड्यात जाऊन एकटीच हसले. आजून आठवलं की तसंच हसू येतं.

पर मला भ्या वाटत व्हतं. पोरगी दीड वर्साची आन् तिची छाती भरायची. धूर लागला, धूळ उडाली, कसला उग्र वास आला की छातीतनं शिट्टी वाजल्यागत आवाज, नाकपुड्या हलायच्या, बरगड्या आत जायच्या. तिला धाप लागली की मला बी लागायची. मी सातवीत शाळा सोडलेली, औषधाच्या बाटलीवरचं वाचता येतं पर कळत न्हाई. गावात निदान डाक्टर ठावका. परक्या शेरात कुनाला हाक मारायची?

साताऱ्यात उतरलो ते ह्यांच्या सोबत्यानं सांगितलेल्या नव्या लॉजवर. स्टँडाजवळ. काय तो थाट! दारापास्नं पलंगापातूर गालिचा, थंड हवेचं मशीन, खिडकीला जाड पडदा, कसल्याशा अत्तराचा वास. मी पलंगावर बसून दोनदा उसळी मारून बघितली, खोटं कशाला सांगू. पोरगी गालिच्यावर लोळाय लागली. हे म्हनले, "बघ, आसं आसतंय शेर."

दिवेलागनीला पोरीची शिट्टी सुरू झाली. खिडकी उघडाय गेले तर ती खिळं मारून बंद. मॅनेजरनं डासांसाठी अगरबत्ती लावून दिली, तिचा धूर. त्यात लाईट गेली, खाली जनरेटर सुरू झाला आन् त्याचा डिझेलचा धूर दारातनं आत. पोरगी निळी पडायची तेवढी ऱ्हायली. हे तिला उचलून दवाखान्यात पळाले, मी मागनं अनवानी. डाक्टरांनी औषध दिलं, वाफ दिली आन् मला म्हनले, "बाई, औषध मी देतो, पण हवा तुम्ही द्यायची. गालिचा नको, अगरबत्ती नको, बंद खोली नको. हिला उघडी खिडकी लागते."

सकाळी साताऱ्यातनं निघालो. कराडच्या स्टँडावर एस्टी बदलायची व्हती. एका फलाटावर आमच्या गावची गाडी, दुसऱ्यावर सांगलीची. हे पिशवी खाली ठिवून म्हनले, "चल, घरी जाऊ. पोरीपरीस काय मोठं न्हाई." खरंच व्हतं ते. पर त्यांचं तोंड बघितलं आन् मला कसंतरी झालं. दोन दिसांनी रजा सरनार, मग पुन्यांदा वरीसभर पत्रं. मी म्हनलं, "सांगलीला जाऊ. पर ह्या टायमाला खोली मी बघनार."

"तुला काय कळतंय लॉजमधलं?"

"लॉजमधलं न्हाई कळत. घरातलं कळतंय."

आमच्यात पोरगी द्यायची आसली की बाप्ये जमीन बघत्यात आन् बाया न्हाणी आन् उकिरडा बघत्यात. माझी आई म्हनायची, म्होरला सोपा काय, पावनं येनार म्हनलं की समदीच सारवत्यात. न्हाणीचं पानी कुठं जातं ते बघावं, घर कळतंय. मला दुसरी कसली अक्कल नव्हती, म्हनून मी सांगलीत लॉज बघाय निघाले ते सोयरीक बघितल्यागत.

पयल्या लॉजवर मी गादीचा वास घेतला, पलंगाखाली हात घातला, खिडकी ढकलून बघितली. मॅनेजर ह्यांना म्हनला, "साहेब, बाईसाहेब काय शोधत्यात? ढेकूण न्हाईत आमच्यात." हे लाजेनं लाल. "त्यांनाच इचारा," म्हनले आन् बाहेर जाऊन उभे ऱ्हायले. तिथली खिडकी गटारावर उघडत व्हती. दुसऱ्या लॉजला ताज्या रंगाचा वास. पोरीनं दारातच नाक चोळलं, मी तिथनंच मागं फिरले. हे म्हनले, "आगं, आता काय खोलीची पत्रिका जुळवतीस काय?"

तिसरा लॉज नदीकडं जानाऱ्या बोळात व्हता. लॉज कसला, चार खोल्या. पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेले एक काका आन् त्यांची बायकू, दोघं मिळून चालवायची. खाली शाबादी फरशी, ओल्या फडक्यानं पुसलेली. सुती चादरी, उन्हात वाळल्याल्या, वास घेतला तर नुसता उन्हाचा वास. मोठी खिडकी, बाहेर केळी. मी काकांना इचारलं, "आवं काका, न्हाणीचं पानी कुठं जातं?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुम्ही नगरपालिकेच्या का बाई?"

"न्हाई वो. आमी कराडकडच्या."

"दहा वर्षं लॉज चालवतोय. लोक टीव्ही विचारतात, भाडं विचारतात. हे कुणी विचारलं नाही." आन् आत तोंड करून वरडले, "अगं, बाहेर ये! पाणी कुठं जातं ते बघणारं गिऱ्हाईक आलंय!"

मग त्यांनी समदं दावलं. गच्चीवर उन्हावर तापनारा बंब, काळ्या काचेचा. सकाळी मानशी एक बादली कडत पानी, लाकूड न्हाई, धूर न्हाई. जेवाय पत्रावळी, त्या मागच्या खड्ड्यात जायच्या, त्याचं खत केळीला. न्हाणीचं पानी एका चरीतनं कर्दळीच्या वाफ्यात, तिथनं निवळून एका हौदात, हौदातनं केळीला. हौदात बोटाच्या पेराएवढं मासं, शेकड्यानं. काकू म्हनल्या, "गप्पी मासे. डासांची अंडी खातात. म्हणून आमच्याकडं अगरबत्ती लावावी लागत नाही."

अगरबत्ती न्हाई म्हनल्यावर मला रडूच फुटलं. काका म्हनले, "एक मात्र पाळायचं. न्हाणीत साबण-सोडा नाही. अंगाला डाळीचं पीठ, शिकेकाई. धुण्याला रिठा देतो. साबणाचं धुणं असेल तर बाहेर रस्त्याकडंच्या दगडावर, ते पाणी गटारात जातं." मी "व्हय, व्हय" म्हनलं. पोरगी हौदाच्या कडंला धरून उभी ऱ्हायली व्हती आन् मासं बघून नुसती खिदळत व्हती.

दुसऱ्या दिशी सकाळी मी जागी झाले तर पोरगी गप निजल्याली, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. मी ह्यांना हालवून उठवलं. हे दचकून म्हनले, "काय झालं?" मी म्हनलं, "काय न्हाई झालं. तेच दावाय उठवलं."

त्या दिवसाची सकाळ मला लय याद येती. एक बादली पान्यात तिघांची अंगुळ, बंबाचं पानी इतकं कडत की विसन घालावं लागलं. घाटावर गेलो, नावंत बसलो. हातगाडीवर तासगावची द्राक्षं व्हती, ती घेतली. हे पोरीला खांद्यावर घिऊन चालत व्हते आन् ती त्यांच्या टकुऱ्यावर द्राक्षं चेंगरत व्हती. पलटनीतला मानूस, इस्तरीच्या कापडाला डाग पडू देत न्हाई, पर तोच तिला घडातनं एकेक द्राक्ष तोडून देत व्हता. मी चार पावलं मागं. आपल्या जन्मात आसं बी आसतंय, आसं वाटत व्हतं.

दुपारी पोरीचं पोट बिघडलं. द्राक्षांनीच आसनार. हे परतीची गाडी इचाराय स्टँडावर गेलेले. मी एकटी. लंगोटावर लंगोट. काकूंनी दिलेला रिठा हातात घेतला, तर त्याला फेस ताकावानी. ह्यानं काय जंतू मरत्यात? परकी जागा, किती लोकं येऊन गेल्याली, पोरीला आनखी काय झालं म्हंजे? मी घरनं सोड्याचा पुडा आनला व्हता, आमच्यात लंगोट सोड्यात भिजवल्याबिगर बाईला चैन पडत न्हाई. बाहेर दगडाकडं गेले, तर म्होरं चहाच्या टपरीवर धा-बारा बाप्ये. त्यांच्या नजरंम्होरं पोरीची घान धुवायची? पाय मागं फिरलं. न्हाणीत शिरले, कडी लावली, सबंध पुडा वतला, लंगोट धुतलं, वर न्हाणी बी सोड्यानं घासून काढली. इतकी लख्ख केली की मला माझंच कौतिक वाटलं.

दिस कलायच्या आत काकूंची हाक आली. "अहो, इकडं या! हौद बघा!"

मी खिडकीतनं बघितलं. पान्यावर मासं, पोटं वर. काका वाकून हात घालून ढवळत व्हते, जसं काय त्यांना जागं करत हायत. मी पिशवी भराय घेतली.

तेवढ्यात हे आले. "काय करतीस?"

"चला, गावी जाऊ."

"पोरीला लागली धाप?"

"न्हाई. मी मासं मारलं."

हे पयलं हसले. मी समदं सांगितलं तसं हसू गेलं. मी म्हनलं, "आता डास व्हनार, मग हितं बी अगरबत्ती लागनार. त्याआदी आपल्याला भाईर काढत्याल. पोरीला घिऊन कुठं जायाचं?"

"मग सांगून टाक जा."

"तुमी सांगा की."

"गोळी तू झाडलीस आन् हात वर मी करू व्हय?"

मी पोरीला काखंला मारून गेले. काकूंम्होरं उभी ऱ्हायले. मी म्हनलं, "काकू, सोडा मी टाकला."

"किती?"

"पुडा."

"सबंध? अगं बाई, तेवढ्यात आमच्या लॉजच्या वर्षाच्या चादरी निघाल्या असत्या!"

काका मातूर हसले न्हाईत. हातातलं मेल्यालं मासं खाली ठिवून म्हनले, "सांगितलं होतं मी. मला वाटलं होतं, जी बाई पाणी कुठं जातं विचारते, ती..." आन् थांबले. ते आर्धं बोलनं मला शिवीपरीस लागलं. मी रडतच सांगितलं, पोरीच्या भ्यानं केलं, लोकांच्या म्होरं लाज वाटली म्हनून केलं. त्यांनी पोरीकडं बघितलं. मग म्हनले, "डास काही आज यायचे नाहीत. आठवड्यानं येतील. तोवर तुम्ही गेलेल्या असाल. ते दुसऱ्या कुणाच्या लेकराला चावतील."

मी म्हनलं, "मग हौद साफ करून दिल्याबिगर मी जात न्हाई."

दुसऱ्या दिशी आमी शेर बघनार व्हतो. त्याऐवजी हे बनियनवर हौदात उतरले. बादली बादलीनं खराब पानी काढून मी बाहेर गटारात वतलं, केळीला एक थेंब जाऊ दिला न्हाई. हौद घासला, निसत्या नारळाच्या काथ्यानं. आडाचं पानी शेंदून भरला. ह्यांच्या तळहाताला फोड आला. काकू म्हनल्या, "आमच्या लॉजवर रजेला आलेला शिपाई शिक्षेची फटीक भोगतोय, बघा." हे म्हनले, "पलटनीत निदान चुकी आमचीच आसती काकू."

मासं कुठनं आनायचं? काकांनी मागं कवातरी ह्यातलंच थोडं बोळाच्या टोकाच्या तालमीच्या हौदात सोडलं व्हतं. तालमीत बाया जात न्हाईत, मी पोरीला घिऊन दारात उभी ऱ्हायले. आत हे, काका आन् तिघं-चौघं पैलवान जुनं धोतर पान्यात पसरून मासं धरत बसलेले. येवढाली दंडं आन् पेराएवढं मासं! एक पैलवान म्हनत व्हता, "आरं हळू, चिरडशील, हा काय डाव हाय व्हय?" पोरगी दारातनं टाळ्या पिटत व्हती. बादलीभर मासं आनलं. काकांनी बादली माझ्या हातात दिली. "सोडा तुम्हीच." मी बादली पान्याला टेकवून हळूहळू वतली.

काकांनी एकदा बी पुन्यांदा बोल लावला न्हाई. जाताना काकूंनी रिठ्याची पुरचुंडी दिली.

पोरगी काय हौद सोडंना. वढून काढली तर तिनं जे भोकाड पसरलं ते बोळातनं, रिक्षातनं, स्टँडापातूर. गाडीत बसलो तरी थांबंना. पार टिपंला गेली, पर मधी कुठं शिट्टी न्हाई, घरघर न्हाई, पुरा श्वास भरून घ्यायची आन् समदा बाहेर काढायची. लोकं वळून वळून बघत व्हती. म्होरची बाई वैतागली, "आवं, गप करा की पोरीला! कान गेलं आमचं."

ह्यांनी तिला घ्यायला हात म्होरं केला. मी म्हनलं, "ऱ्हाऊ द्या वो. रडू द्या तिला."