टोपलीखालची वांगी

लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच नवरात्रात घटाचं रुजवण असं काही उगवलं की विचारू नका! मिठागरांना लागून असलेल्या नवघरच्या आमच्या चाळीतल्या बायका मुद्दाम बघायला आल्या. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमची रत्नागिरीकडची पद्धत अशी, की परडीतल्या मातीत धान्य पेरायचं आणि वर टोपली झाकायची. अंधारात कोंब हळदीसारखे पिवळे, वीतभर उंच होतात. दसऱ्याला ते केसांत माळायचे. सासूबाईंनी चारचौघींत माझं कौतुक केलं. त्या कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या, त्यामुळे मी जी हवेत गेले ती खाली येईचना.

दसरा झाला, सासूबाई पंधरा दिवसांसाठी गावी गेल्या आणि मी आईची पुडी काढली. सासरी निघताना आईने पदराला बांधून दिलेलं, तिच्या परसातल्या पांढऱ्या वांग्याचं चिमूटभर बी. त्याच पावसाळ्यात आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिच्यामागे परसाकडे कोणी बघितलं नाही. म्हणजे ते वांगं आता या पुडीतच काय ते उरलेलं.

नीट व्हायला हवं म्हणून मी शहाणीने काय केलं? होतं नव्हतं तेवढं बी डब्यात पेरलं आणि वर टोपली झाकली! रुजवण एवढं छान होतं, मग वांगी का नाही होणार? रोपं सरसर वर आली. ह्यांना दाखवली तर हे म्हणाले, "वा, उंच झालीत की!" ह्यांना रोपातलं माझ्याइतकंच कळत होतं.

सासूबाई परतल्या तोवर रोपं पांढरीफटक पडून आडवी झाली होती.

"काय गो हे? वांगी लावलीस की शेवया?"

मी रडकुंडीला येऊन पुडीचं सांगितलं. त्या डब्यापाशी बसल्या.

"अगो, रुजवण दहा दिवसांचं पाहुणं. दाण्यात असतं तेवढ्यावर वाढतं, नि दसऱ्याला आपण ते उपटतो. वांग्याला फळ धरायचंय. बियातली शिदोरी संपली की पान उन्हावरच आपलं जेवण रांधतं. ही उंच नाही झाली, उजेड शोधत धावली."

चार रोपांत धुगधुगी होती. त्यांनी ती गळ्यापर्यंत मातीत बसवली. पहिल्या दिवशी कोवळं ऊन घटकाभर, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. आमच्या ओट्यावर ऊन नऊपर्यंतच; मग सासूबाई डबा कडेवर घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर.

"काय मावशी, नातू खेळवताय?" शेजारीण विचारायची.

"तुझ्या पोरांपेक्षा गुणी आहे!"

तीन रोपं गेलीच. चौथं हिरवं झालं, मोठ्या डब्यात गेलं, आणि माघात त्याला एक पांढरं वांगं लागलं. त्याची भाजी सासूबाईंना वाढावी म्हणून मी तोडायला हात घातला, तर त्यांनी मनगटच धरलं.

"खुळी की काय! झाडावरच पिकू दे. बी धरायचंय. तुझ्या आईचं आहे ते."

आई गेल्यापासून मी धड रडले नव्हते. नव्या घरात रडायचं तरी कुणापुढे? ते सगळं त्या डब्यावर ओणवी होऊन रडले. सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"रड गो, पोटभर रड. पण जरा बाजूला हो. इथल्या मातीत मीठ आधीच काय थोडं आहे!"