दमणला मासे धरायला

मी दमणला मासे धरायला गेलो होतो असं सांगितलं, की आमच्याकडचा माणूस आधी हसतो आणि मग डोळा मारतो. खानदेशात दमण म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं माणूस प्यायला जातो, मासे फार तर चाखण्यापुरते. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मी का नव्हतो याचं खरं कारण मी इतक्यांदा आणि इतक्या जणांना सांगितलंय, की आता सांगताना माझाच आवाज खोटा वाटतो. म्हणून हे एकदा लिहून ठेवतो. लिहिताना समोर कुणी हसत तरी नाही.

आठवीत शाळा सोडली आणि पुढे दोन-तीन वर्षांत सिल्वासा गाठलं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तिकडे धाग्याचे कारखाने धडाधड उभे राहत होते. गावच्या ज्या माणसाच्या भरवशावर आलो, तो नोकरी सोडून कधीच निघून गेला होता. मी वापी स्टेशनवर झोपत होतो आणि दिवसा गेटागेटावर उभा राहत होतो. एका गेटावर साहेबांनी विचारलं, "कुठला रे?" मी म्हटलं, "खानदेशातला." ते म्हणाले, "उद्या सकाळी ये. आंघोळ करून ये." त्या दिवसापासून ते मला 'खानदेश' म्हणत. माझं खरं नाव त्यांना आठवत होतं की नाही, देव जाणे.

साहेब कोकणातले, आमच्या खात्याचे सुपरवायझर. अथालला पुलाजवळच्या चाळीत खोली त्यांनीच मिळवून दिली. विषमज्वर झाला तेव्हा स्कूटरवर मागे बसवून, पडू नये म्हणून स्वतःच्या पोटाशी माझे हात टॉवेलनं बांधून दवाखान्यात नेलं. हे सगळं खरं आहे. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला तोंड उघडलं की तो टॉवेल आठवतो आणि तोंड मिटतं.

मशीनवर माझं काम धाग्यावर नजर ठेवायचं. नायलॉनचा धागा गरम होऊन, पीळ घेऊन बॉबिनवर चढायचा. तुटला की बोंब. शिव्या, कापलेली हजेरी, वर पुढच्या पाळीवाल्याची कटकट. काही महिन्यांत बोटांना सवय लागली. चिमटीत नुसता धागा घेतला तरी तो आता दगा देणार की नाही ते कळायचं. झोपेतसुद्धा माझी दोन बोटं हलायची असं खोलीतले म्हणत.

साहेबांना मासेमारीचं वेड. कारखान्याच्या आवारात त्यांना कोंडल्यासारखं व्हायचं. वर्षातून एकदा ते आणि आजूबाजूच्या कारखान्यांतले तिघं अधिकारी मिळून दमणच्या एका तांडेलाची, म्हणजे नाखव्याची, लाकडी बोट ठरवत आणि तीन-चार दिवस आत समुद्रात जात. जाळं नाही, फक्त हातातली दोरी. तंगुसाला, म्हणजे त्या नायलॉनच्या दोरीला, शिसं बांधायचं, गळाला आमिष म्हणून माकूल मासळीचा तुकडा लावायचा आणि थेट तळाला सोडून बसायचं. घोळ, वाम, तांब असले तळाचे मासे वर येत नाहीत, त्यांच्यापर्यंत आपल्याला जावं लागतं, असं साहेब फार अभिमानानं सांगत.

त्या वर्षी माघात बहिणीचं लग्न ठरलं. मंगळवारी दुपारचा मुहूर्त. मी रजा मागायला गेलो तर साहेब खुशीत होते.

"दिली रजा. पण आधी आमच्याबरोबर बोटीवर यायचं. नेहमीचा स्वयंपाकी आजारी आहे. गुरुवारी निघू, रविवारी सकाळी परत. तसाच वापीला जा आणि गाडीत बस. लग्नाची पिशवी बरोबरच घे की!"

नाही म्हणायचं सुचलंच नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटलं होतं. खात्यात इतकी माणसं, त्यांतून मला विचारलं. पिशवीत नवा शर्ट घेतला आणि बहिणीसाठी घेतलेली सुरतेची मोरपंखी साडी. लग्नात बहिणीच्या ओंजळीत लाह्या मी घालायच्या होत्या आणि नवरदेवाचा कान मी पिळायचा होता. एकटाच भाऊ मी. ती पत्रातून बजावत होती, "दादा, कान जोरात पिळ, लाजू नको."

बोट निघाली आणि किनारा दिसेनासा झाल्यावर माझ्या पोटातलं सगळं बाहेर आलं. त्या तिघा पाहुण्या अधिकाऱ्यांपैकी एक जाडे गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमचा स्वयंपाकी माशांना जेवण वाढतोय." सगळे हसले. मीही हसलो. पिशवी कुठं ठेवू ते कळेना. खाली इंजिनाजवळ डिझेलचा वास, वर पाणी उडायचं. शेवटी बर्फाच्या खणाच्या झाकणावर ठेवली. त्या खणात बर्फात बाटल्या होत्या. मासे अजून यायचे होते.

पहिले दोन दिवस फारसं काही लागलं नाही. चारदोन शिंगाळे, एक वाम. तिनं चावायला तोंड उघडलं तेव्हा जाडे गृहस्थ बाकावर चढून बसले. मी भात शिजवायचो, माकूल कापायचो, ग्लास विसळायचो. ग्लास पुढे करत "घे रे खानदेश, थोडी" असं दोनदा म्हणून झालं. मी नको म्हटलं. आमच्या घरात कुणी घेत नाही, आणि मला तर वासानंच मळमळायचं. शनिवारी साहेबांनी दया येऊन मलाही एक दोरी दिली. "बस कोपऱ्यात. रिकामा बसण्यापेक्षा बरं."

रविवारी पहाटे निघायचं होतं. साहेबांचं तोंड उतरलेलं होतं, पाहुणे कंटाळले होते. त्यांच्या कंटाळ्याचा मला मनातून किती आनंद झाला होता! तांडेल नांगर ओढायला पुढे गेला. मी दोरी गुंडाळायला घेतली आणि चिमटीत काहीतरी जाणवलं.

ओढ नव्हती ती. तळाशी कुणीतरी धाग्याला नुसता हात लावावा, तसं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मी मनात म्हटलं, जा बाबा, जा. दोरी सैल सोडली असती तर गळ तोंडातून निघून गेला असता आणि आम्ही निघालो असतो. पण माझ्या बोटांनी मला विचारलंच नाही. तुटणारा धागा सांभाळायचा एवढंच त्यांना शिकवलेलं. ताण आला तशी ती ढील देत गेली, ढील संपली तशी गोळा करत गेली. तळहात कापला. तांडेल नांगर तसाच सोडून धावत आला आणि माझ्या कानाशी ओरडायला लागला, "ढील मूक, ढील मूक! हवे खेंच!" सैल सोड, आता ओढ. केव्हातरी पाण्यात पिवळट, रुपेरी असं काहीतरी उलटं झालं. तीन माणसांनी आकडीनं वर घेतली. घोळ. माझ्या छातीपर्यंत येईल एवढी.

साहेबांनी मला मिठी मारली. आयुष्यात कुणी वरिष्ठ माणसानं मला मारलेली ती पहिली मिठी. तांडेलानं माझा रक्ताचा हात उचलून सगळ्यांना दाखवला. "हाथ हारो छे आनो!" म्हणजे हात चांगला आहे याचा. आणि साहेब म्हणाले, "आता कोण जातं परत! जागा सापडली!"

मी म्हटलं, "साहेब, माझ्या बहिणीचं..."

"मंगळवारी ना? आज रविवार आहे. उद्या दुपारी निघू, संध्याकाळी दमण. मी स्वतः जीपनं तुला वापीला सोडतो. शब्द देतो."

जाडे गृहस्थ म्हणाले, "अरे, मासा तुझ्या हाताला लागतोय. तूच गेलास तर आम्ही काय पाणी धरून बसू? दाजींना सांग, कान राहू दे, घोळ घ्या!"

तांडेल मध्येच म्हणाला की उद्या संध्याकाळी खाडीत पाणी नसेल, ओहोटी असेल. साहेबांनी हात झटकला. "बघू रे. तुझं रोजचंच आहे."

मग दिवसभर त्यांनी मला स्वयंपाकही करू दिला नाही. भात साहेबांनी शिजवला. मला मधोमध बसवलं, हाताला चिंधी बांधून दिली, माकूल लावून गळ हातात दिले. राजासारखं. दोन तांब लागले, एक लहान घोळ लागली. प्रत्येक वेळी टाळ्या. प्रत्येक वेळी मी पिशवीकडे बघत होतो. ती आता झाकणावरून खाली उतरवली होती, कारण खण सारखा उघडावा लागत होता. माशांचं पाणी तिच्याखालून वाहत होतं.

सोमवारी दुपारी निघालो. दमण दिसलं तेव्हा ऊन होतं. दीपस्तंभ दिसत होता, किल्ल्याची भिंत दिसत होती, काठावर कपडे वाळत घालणारी बाई दिसत होती. आणि खाडीच्या तोंडाशी नुसता चिखल. तांडेलानं इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि बिडी पेटवली. साहेबांकडे त्यानं बघितलंही नाही.

"पोहत जाऊ का?" मी विचारलं.

"गाळात छातीपर्यंत रुतशील," तांडेल म्हणाला. "बेस, भाई. पाणी येहे तारे जाहूं." पाणी येईल तेव्हाच जाऊ.

आम्ही बसलो. काठावरच्या बाईनं कपडे काढून नेले. दिवे लागले. साहेब एकदा माझ्याजवळ आले, काहीतरी बोलणार होते, पण पाहुण्यांनी हाक मारली तसे गेले. बाटल्या संपवायच्या राहिल्या होत्या.

पाणी आलं तोवर सुरतेहून भुसावळकडे जाणारी आमची गाडी सुटून गेली असणार, हे मला हिशेब न करता कळत होतं. धक्क्यावर साहेबांनी शब्द पाळला. जीपनं वापीला सोडलं. उतरताना घोळीचा मोठा तुकडा पेपरात बांधून स्वतःच्या हातानं माझ्या पिशवीत घातला, साडीवरच. "तुझ्या माशाचा वाटा. बहिणीला सांग, साहेबांनी पाठवलाय." ते बघत उभे होते म्हणून मी तो तसाच राहू दिला. उधन्याला गाडी बदलताना फलाटावर झोपलेल्या एका बाईला देऊन टाकला. पण उशीर झाला होता. साडीनं वास घेतला होता.

मंगळवारी संध्याकाळी गावात पोचलो. मांडवातल्या सतरंज्या झटकत होते. वऱ्हाड गेलं होतं. आई ओसरीवर बसून होती. आत्या म्हणाली, "कथा व्हता रे भाऊ तू?" कुठं होतास?

मी सांगितलं. कारखान्याचे साहेब, बोट, घोळ, ओहोटी. दमण हा शब्द तोंडातून गेला आणि दारातल्या कुणीतरी हसणं दाबलं. चुलतभाऊ पुढे आला, माझ्या पिशवीजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "चाखण्याचा बेत झकास झालेला दिसतोय दादाचा." लाह्या त्यानंच घातल्या होत्या. कानही त्यानंच पिळला होता. नवरदेवाकडच्यांनी विचारलं तेव्हा त्यानंच सांगितलं होतं, की भाऊ दमणच्या बाजूला नोकरीला आहे, येईल शुद्धीवर आला की. सगळे हसले म्हणे. बहीण मुंडावळ्यांखाली मान घालून होती.

चार दिवसांनी ती माहेरी आली. साडी मी दोनदा धुऊन वाळवली होती. तिनं घेतली, पदर हातात धरला आणि हळूच विचारलं, "दादा, तू खरंच समुद्रात होतास?"

"खरंच."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'वर मी आजवर पुढे काही बोललेलो नाही. ती साडी नेसलेली मी कधी बघितली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर वडील सिल्वासाला आले, पहिल्यांदा आणि शेवटचे. मला वाटलं, आता होईल. साहेब स्वतः सांगतील आणि मिटेल. मी त्यांना गेटावर नेलं. वडिलांनी साहेबांना बघताच टोपी काढून हात जोडले, विषमज्वराचं त्यांना ठाऊक होतं. काही विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. साहेबच बोलले, खूप प्रेमानं, माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"काळजी करू नका, काका. पोरगा गुणाचा आहे. दमणला तर काय रंगत आणली यानं! सगळे पाहुणे याच्यावर खूश. यंदाही नेणार आहे."

आणि साहेब हसले. मोकळं, निर्मळ हसले. वडील हात जोडून तसेच उभे राहिले. साहेबांसमोर साहेबांचं वाक्य दुरुस्त कसं करायचं, ते मला तेव्हा येत नव्हतं. अजूनही येत नाही.

वापीच्या बसमध्ये वडील खिडकीशी बसले. मी खाली उभा होतो. बस सुरू झाली तेव्हा त्यांनी गजातून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला, दोरीनं कापल्याचा वण होता तिथंच.

"साहेब देवमाणूस आहे," ते म्हणाले. "त्याला धरून राहा. फक्त ते पिणं सोड, भाऊ. माझ्यासाठी सोड."

ज्या गोष्टीला मी आयुष्यात ओठ लावला नव्हता ती सोडायची होती. बस हलली होती. सांगायला वेळ नव्हता आणि सांगून काय होतं ते मला आता पाठ झालं होतं.

"सोडतो," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. मी त्यांना जे काही सांगितलं, त्यातलं एवढंच त्यांना पटलं.